झाकणाला भोक

ओरेस्टने निवृत्त होताना गॅरेजमधून एकच वस्तू घरी आणली:
ब्रेकमधली हवा काढायचा हातपंप.
पिस्तुलासारखी मूठ, वर मनगटी घड्याळाएवढी काट्याची तबकडी,
आणि कितीही घासलं तरी न जाणारं चाळीस वर्षांचं तेल.

आधी त्याने माझ्या काकडीच्या लोणच्याच्या बरण्या हेरल्या,
मग कॉफीच्या, मोहरीच्या,
शेजारच्या हाल्याची मधाची षटकोनी बाटलीसुद्धा.
दुकानात यंत्र मिळतं, पण ते फक्त त्यांच्याच बरण्यांना चालतं.
"मग बाकीच्या काय अनाथ?" म्हणाला,
आणि बारीक खिळ्याने प्रत्येक झाकणाला भोक पाडत बसला.
भोकावर काळ्या टेपचा तुकडा.
मग ती बरणी अख्खी एका जाड, मोठ्या बरणीच्या पोटात,
आणि पंप. फस् फस् फस्.

निघताना हवा टेपची कड उचलून जाते.
परत येऊ पाहते तेव्हा
तिच्याच भाराने टेप घट्ट बसते.
झडप म्हणजे काय ते मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं:
जाणाऱ्याला वाट, येणाऱ्याला भिंत.

वाटाणे झाले, ओट्स झाले, सफरचंदाच्या चकत्या,
काड्यापेट्या, ट्रॅक्टरचे फ्यूज.
नात झोर्याना आली, तिने मार्शमॅलो ठेवला.
तो फुगत फुगत काचेला टेकला, ती टाळ्या पिटत राहिली,
हवा आत सोडली तर सुरकुतून एवढासा.
"गीदो, हा तुझ्यासारखा झाला."
गीदोने तो खाऊन टाकला.

मग एक दिवस बोर्श्टच्या पातेल्याकडे पंप वळला
तेव्हा मी लाटणं घेऊन आडवी उभी राहिले.
ओलं नाही. शिजलेलं नाही. लसूण तर मुळीच नाही.
हवा गेली म्हणजे जंतू गेला असं नसतं, ओरेस्ट.
एक जात अशी आहे जिला हवाच नको असते.
बंद जागा, ओल, थोडी ऊब
एवढ्यावर ती पोसते.
वास येत नाही, रंग बदलत नाही,
झाकण जसंच्या तसं,
आणि आत विष.

तो खुर्चीवर बसला. बराच वेळ
तबकडीचा काटा बोटाने पुसत राहिला.
मी मेट्रोचं नाव काढलं नव्हतं.

मेट्रो आठ मैलांवर राहतो. सख्खा धाकटा.
बापाच्या जमिनीच्या लिलावात
ओरेस्टने हात वर केला, मेट्रोनेही केला,
ऑक्शनवाला ओरडत राहिला आणि भाव चढत राहिला.
अकरा वर्षं झाली. चर्चमध्ये दोन बाकं सोडून बसतात.

नोव्हेंबरात मी न विचारता
वाळलेल्या अळंबीची एक बरणी टपालाच्या गाडीतून पाठवली.
त्यांच्या आईच्या जागेवरची अळंबी,
पॉप्लरच्या बुंध्याशी उगवणारी. चिठ्ठी नाही.
घरी कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही;
फळीवरची मोकळी जागा मात्र त्याने पाहिली,
कारण त्या दिवशी त्याने चहात साखर दोनदा घातली.

सेंट निकोलसनंतरच्या गुरुवारी बरणी परत आली.
धुतलेली. आत घडी केलेला कागद, आणखी काही नाही.
झाकण दाबून पाहिलं तर हलेना.
मेट्रोकडे पंप कुठला?
"गाईंचा," ओरेस्ट म्हणाला. "दूध काढायच्या यंत्राचा.
गाई विकल्या, तो ठेवला असेल. गाढव."
नखाने टेप सुटेना, चाकू आणावा लागला.
सुस्स करून हवा आत गेली,
आणि मला कळलं, आम्ही दोघंही श्वास धरून होतो.

कागदावर मेट्रोचं तिरकं अक्षर:
"थंडीत टेप सुटते. सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लाव.
भोक खिळ्याने नाही, ड्रिलने. कड आतून घास.
अळंबीत वाळू होती."

सही नाही.
ओरेस्टने ते तीनदा वाचलं,
वाळूवर रागावला,
मग बूट घालून शेडकडे गेला.
तिथे खुंटीवर एकच सायकल आहे,
दोघांनी मिळून घेतलेली, त्रेसष्ट साली.
दिवा लावून तो तिच्यासमोर उभा आहे, हातात कात्री.
जेवण गार होतंय. मी हाक मारलेली नाही.