दुधाचं कॅलेंडर

धंतोलीत दर तिसऱ्या दारावर डॉक्टर,
आणि मागे, गल्लीच्या पोटात, आमची लॅब.
अकरा वर्षं मी काउंटरवर आहे.
रक्त घेते, लिफाफे देते. लिफाफा फोडला की
माणूस रिपोर्ट पुरता वाचतही नाही,
त्याआधीच आठवायला लागतो.

"रायपूरची असन," इतवारीतला एक किराणावाला म्हणाला होता,
"घरची तं घरातच असते ना बाप्पा."
एक पोरगी म्हणाली, तो नाही, शक्यच नाही,
त्याची नखं किती स्वच्छ असतात.
एकाने बोटांवर महिने मोजले,
अंगठ्यापर्यंत आला
आणि अंगठा तसाच आत दुमडून ठेवला.
मी स्टेपलर मारायची.
मनात म्हणायची, काय हिशेब करून राहिले हे लोक.

मे महिन्यात, कूलरच्या टाकीतलं पाणी संपलेलं,
ट्यूबवर माझंच नाव होतं. प्रणिता डोंगरे, एकोणचाळीस.
स्लाइड फिरवली. सूक्ष्मदर्शकाखाली गुठळ्या,
पिठात पाणी कमी पडावं तशा.
दुसऱ्यांदा केली. तिसऱ्यांदा किट वाया घालवलं नाही.

घरी येऊन भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं.
जिथे अर्धा लिटर लिहिलंय त्या दिवशी मी एकटी.
जिथे एक लिटर, तिथे चहाला कोणीतरी.

कोणीतरी म्हणजे दोघं.
सुहास, धरमपेठेतला, पाय धुऊन पलंगावर येणारा.
हेमराज, टेका नाक्याकडचा,
बुटीबोरीच्या कंपनीची बस चालवणारा,
शर्टाला सीटच्या रेक्झिनचा वास.
निकाल लागायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही.
हेमराज.
काय होता पुरावा?
रात्रपाळी. "कायले" म्हणणं. पत्ता.

फोन केला तर म्हणाला, "कुठं यायचं?"
एवढंच. सकाळी साडेसातला दारात उभा,
उपाशीपोटी.
या तपासणीला उपाशी लागत नाही,
मी सांगायलाच विसरले होते.
शीर पहिल्याच टोचणीत सापडली.
निगेटिव्ह.
लिफाफ्याची घडी करून खिशात ठेवत विचारलं त्याने,
"तुले कुठं दुखते का?"

मग उरला सुहास. त्याचा फोन वाजत राहिला.
आता मला त्याचे ते पायच आठवायला लागले.
इतके कशाला धुवायचे माणसाने पाय?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे जुनं दिसतंय.
किती जुनं, ते रक्त सांगत नाही. दोन वर्षं, दहा वर्षं.
नाव तर ते कधीच सांगत नाही.
तुमच्याकडून कोणाला गेलं असेल, तेही विचारात घ्या."
ते मी घेतलं नव्हतं.
कॅलेंडरवर मी फक्त दार उघडणारी होते.

दहा वर्षांपूर्वी भिंतीवर दुसरं कॅलेंडर होतं.
रोज दीड लिटर, एकही चौकट रिकामी नाही.
नवरा. त्याला मी मोजलंच नव्हतं.
त्याचं दूध संशयात धरायचं असतं
हे मला कोणी शिकवलं नाही.
तोही नक्की नाही म्हणा. त्याच्याही आधी,
अमरावतीला, एक डिसेंबर आहे.

दोन्ही कुल्ल्यांत इंजेक्शन, दर आठवड्याला, तीनदा.
बाजारातून स्कूटी ढकलत आणली, बसवत नव्हतं.
फॉर्मवर "संपर्क" या शब्दाखाली तीनच रेघा छापलेल्या.
चौथं नाव मी समासात लिहिलं.

जुना नंबर अजून पाठ होता.
त्याच्या बायकोने उचलला. मागे कुकरची शिटी,
मराठी शाळेतली कविता घोकणारं एक पोर.
"कोण बोलतंय?"
मी म्हटलं, लॅबमधून.
ते खोटं नव्हतं.
म्हटलं, त्यांना एकदा तपासणीला पाठवा,
आणि ताई, तुम्हीही या.
उपाशी यायची गरज नाही.