शेऱ्याचा रकाना

महापे एमआयडीसी. खाली चिकटपट्टीचा कारखाना,
वरच्या गाळ्यात आमचं विमान.
पंख नाहीत, चाकं नाहीत,
सहा पायांवर डुलणारी एक पेटी
आणि तिच्या काचेत रंगवलेलं उलव्याचं आकाश.

नवलकर सर दहा मिनिटं आधीच आले.
वय एकाहत्तर, इस्त्रीचा पांढरा सदरा,
बगलेत ती जुनी नोंदवही, शिवण उसवलेली,
जिच्या एका पानावर माझंही नाव आहे,
विद्यार्थ्याच्या रकान्यात.
"काय पेणकर, आज तू मास्तर?"
मी खुर्ची ओढून दिली. दुसरं काय करणार.

उड्डाण सुरेख झालं. हात अजून तसाच,
लोण्यातून सुरी जावी तसा.
चारशे फुटांवर मी इंजिन बंद केलं.
एक बटण आहे, माझ्या बाजूला. त्याचा आवाजही होत नाही.

आता सरळ जायचं असतं.
हे मला शिकवलं कोणी?
"नाक खाली, नजर समोर,
समोर जे येईल ते आपलं.
धावपट्टी सुटली की तिला माहेर समज,
आठवायची. रुसून परत जायचं नाही."
आणि पाठीत एक बुक्की,
तीस वर्षं झाली, अजून तिथेच आहे.

सर वळले.
डावीकडे, सावकाश,
नेरुळच्या सिग्नलला गाडी वळवावी तसे.
पंख कलला, वेग गळाला,
पेटी थरथरली, काच लाल झाली.
खाली कुणीतरी चिकटपट्टी ओढत होतं,
टर्रर्र. टर्रर्र.

"सर, समोर खाडी होती. मोकळी."
"मोकळी कुठे? फ्लेमिंगो होते की."

मी काचेकडे पाहिलं.
आमच्या खाडीत चिखल आहे, तिवरं आहेत,
करड्या रंगाची भरतीसुद्धा आहे.
पक्ष्यांचे पैसे वेगळे पडतात, आम्ही भरले नाहीत.

सीवूड्सला, सरांच्या अकराव्या मजल्यावरून,
थंडीत ते दिसतात, मला ठाऊक आहे.
त्यांना खरंच दिसले, की पडल्यावर सुचले,
हे मी विचारलं नाही.

टपरीवर बशीत चहा ओतत म्हणाले,
"मग? नापास?"
नापास असं काही नसतं, सर. हे बघा, रकानाच नाही.
सही असते, किंवा नसते.
नसली तरी तास फुकट जात नाही,
शिकवणीत धरला जातो.
"म्हणजे आज मी शिकलो."
हो.
"कोणाकडून?"

मी पेन काढलं.
पन्नास मिनिटं. विद्यार्थी, ज. नवलकर.
शिक्षक,
इथे पेन अडलं. शाई होती.

बुधवारी या म्हणालो.
रिक्षात बसताना त्यांनी मान बाहेर काढली,
"तोवर पक्षी रंगवून ठेव!"
हसले की काय, सायलेन्सरच्या धुरात नीट दिसलं नाही.

शुक्रवार. दिवे लावायच्या आत ठाण्याला पोचायचं होतं.
कळव्याच्या पुलावर गाड्या तुंबल्या,
मी काच खाली केली.
माझी स्वतःची तपासणी पुढच्या महिन्यात आहे.
खाली पाणी, ओहोटीचं,
आणि त्यावर काहीतरी फिकट, हलतं,
पिशवी असेल.
मागच्याने हॉर्न दिला.