कारण समजले नाही

बाण मागच्या फळीवर, भुईनळे मधल्या,
फुलबाज्या पुढे, लहान हात पोचतील तिथे.
किमतीच्या चिकट्या मी घरीच लिहिल्या
हिरव्या पेनानं,
निळं संपलं होतं म्हणून.

हमरस्त्याच्या कडेला तंबू. वर कापडी फलक:
'ड्राय फोर्क अग्निशमन दल. स्वयंसेवकांना हातभार लावा.'
मोंटानाबाहेरचे लोक गाडी थांबवतात,
आधी हसतात, मग फोटो काढतात, मग विकत घेतात.
हसा बापड्यांनो.
टँकरचा पंप अठ्ठावीस वर्षांचा आहे
आणि केक विकून पंप येत नाही.
विकून पाहिलेत.

मे महिन्यापासून थेंब नाही.
गवत पिवळंही उरलं नाही, पांढरं पडलंय.
टोळ उडाला तरी दचकायला होतं.

रोज सकाळी सहाला लेलँड, आमचा प्रमुख,
माझा दीर, गुडघे गेलेला, भला माणूस,
शाळेजवळच्या पाटीवरचा धोक्याचा काटा हातानं फिरवतो.
गेले अकरा दिवस काटा लालवरच आहे,
फिरवायचं काही नाही.
तरी जातो, काट्याला हात लावतो
आणि तिथून थेट येऊन तंबूच्या दोऱ्या सोडतो.
यावर आम्ही बोलत नाही.

मंगळवारी काउंटीनं बंदी घातली.
उडवायला. विकायला नाही.
परवान्याची फी जूनमध्येच भरलेली, ती परत कोण देणार?
म्हणून मी प्रत्येकाला बजावते:
नदीच्या रेतीवर, बादलीभर पाणी घेऊन, काउंटीच्या बाहेर.
लोक मान हलवतात.
मान हलवायला काय जातं?
मी सुटे मोजून देते.

तीन तारखेला संध्याकाळी रुडांचा धाकटा आला, टेगन.
परवाच्या साली त्यांची गंजी जळाली
तेव्हा हा ट्रकच्या टपावर बसून
मोजत होता, किती गासड्या गेल्या.
त्यानं नाण्यांची बरणी उपडी केली.
चार भुईनळे, एक बाण.
"कुठे उडवणार?"
"अंगणात. आजोबांना त्यापलीकडचं दिसत नाही आता."
बाणाकडे माझा हात गेला होता.
खरंच गेला होता.
मागे रांग होती.

चार तारखेला रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी पेजर.
रुडांच्या कुंपणापासून ओढ्यापर्यंत.
पंप दोनदा बंद पडला,
लेलँडनं लाथ घातली तेव्हा तिसऱ्यांदा चालला.
बाकी फावडी, ओली पोती, वाऱ्याची मेहेरबानी.
माणसं सगळी आहेत. एक वासरू गेलं.

उजाडताना राख उलथत चालले होते,
फावड्याला पुठ्ठ्याची नळी लागली. अर्धी जळलेली.
अर्ध्यावर चिकटी: अडीच डॉलर.
माझा पाचाचा आकडा. हिरवा.
अशा सहाशे चिकट्या लावल्यात मी,
कुणाचीही असेल.

टेगन आम्हाला पाणी घेऊन आला,
त्याच बरणीतून.
भुवया करपलेल्या. एक शब्द बोलला नाही.
मीही प्यायले,
तळाशी तांब्याची चव होती.

अक्षर बरं म्हणून अहवाल मीच लिहिते.
लेलँड दारात, बूट काढत, माझ्याकडे न बघता:
"कारण?"
नळी माझ्या कोटाच्या खिशात होती.
तिचा वास खोलीभर होता,
की आमच्या सगळ्यांच्या अंगाचाच, कोण जाणे.
मी लिहिलं: समजले नाही.
खाली विक्रीचा हिशेब: चार हजार एकशे बारा.
पंपाला अजून नऊ हजार कमी.

उरलेली सात खोकी
पुढच्या सालासाठी ठाण्यात ठेवली, होसपाइपांखाली.
गावात कुलूप असलेली कोरडी जागा तेवढीच.
कुलूप लावलं.
दोनदा ओढून पाहिलं.