वर्णन

आटणीच्या दुकानात शब्दांना फारसं काम नसतं.
वजन, घट, टंच, दर,
आणि पावतीवर एक अरुंद रकाना : वर्णन.
त्यात मी तीस वर्षं एकच लिहीत आलो :
जुनी मोड.

नांदेडच्या सराफ्यात शटरं अजून अर्धीच वर होती
तेव्हा गोमलीबाई आडे पायरीवर येऊन बसलेली.
किनवटच्या पहिल्या गाडीनं आले, म्हणाली.
ओच्यातून जोडी काढली :
हस्तिदंताच्या बलिया, टोकांना चांदीची तोंडं
एकमेकांवर दात काढून.

सोंड हत्तीची. जबडा सुसरीचा.
कान डुकराचे की गाईचे, ठरवता येईना.
गालफडामागून वर वळलेली माशाची शेपटी.
मकर आहे, मी म्हणालो, शिकल्यासारखा.
‘आमच्यात पाव्हणा म्हणतेत,’ ती म्हणाली.
‘कणीक मळताना पहिला घास ह्येच खातंय.’

सुईनं दाढेत कोरलं तर खरंच निघालं :
कुण्या कुण्या सालचं ज्वारीचं पीठ,
दगड झालेलं.
डाव्या हातातल्याचं नाक शाबूत,
उजव्याचं पार सपाट,
जातं, पाटा, खोरं, लेकराची पाठ,
कशाकशावर घासलं असेल.

तिला साधं कडं हवं होतं. तोंडाबिंडाचं नको.
‘हात वाळला माझा. ही आता
धुणं धुताना नदीकडं पळतेत.’
मी सांगितलं, दात घेता येत नाही मला,
कायदा आहे, वजनातही धरत नाही,
चांदी तेवढी सोडवतो.
दात तुझा तुला.

फुंकणीची ज्योत बारीक केली.
लाख पाघळली, जुन्या राळेचा वास सुटला,
आणि मला नको तेव्हा सुचतं तसं सुचलं
की कोण्या रानात एक खरा हत्ती पडला,
त्याच्या दातातून कुणीतरी
कधीच न जन्मलेलं जनावर काढलं,
आणि ते हत्तीपेक्षा जास्त जगलं.
चिमट्यानं ओढता ओढता हे सुचलं,
म्हणून चिमटा घसरला.

डावं तोंड निघालं, खाली नुसती खुंटी.
उजवं निघालं
आणि खाली कुणीतरी होतं.

बोटाच्या पेराएवढं.
आखडून घेतलेले दोन पंजे, सिंहाचे असावेत.
पाठीवर मिटलेले पंख, एकेक पीस मोजून कोरलेलं.
बाकी बलिया हळदीसारखी पिवळी पडलेली,
हे मात्र दुधाच्या दातासारखं पांढरं,
ऊन न लागलेलं.
मानेच्या वर काही नाही. तुटलेलं.
म्हणजे चांदी मिरवायला नव्हतीच,
जखमेवर बांधलेली पट्टी होती.
कुणी बांधली, कुणासाठी,
ते माझ्या खातेवहीत नाही.

गोमलीबाईनं चष्मा पुसला.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, ‘म्हंजे पन्नास वर्सं
मी ह्याला आंधारात ठिवलं.’

मुशीत मकर लवकर हार मानत नाहीत.
आधी सोंड वाकली, मग जबडा मिटला,
शेपटी जरा तग धरून होती, तीही गेली.
डोळ्याचा एक टिपका तरंगत राहिला तेवढा,
आणि मग सगळंच एकदम हललं,
चकाकलं, सपाट झालं.
पाण्याचं जनावर,
शेवटी पाणीच झालं.

कडं तयार झालं. ठोकलं, घासलं, चिंचेत उजळलं.
तिनं ते न बघताच पिशवीत टाकलं.
उघड्या दाताच्या बलियेला
आतून लुगड्याची चिंधी गुंडाळली,
दोनदा हात झटकून बघितला,
निसटत नव्हती.

पावती करायला घेतली.
वजन लिहिलं, घट लिहिली, मजुरी लिहिली,
आणि वर्णनापाशी पेन थांबलं.
मग लिहिलं, ओळीबाहेर जाऊन :
‘पंख आहेत. पंजे आहेत. तोंड नाही.’

‘काय लिवलं?’
वाचून दाखवलं.
तिनं शेवटच्या दोन शब्दांवर बोट ठेवलं,
नख पिठानं मळलेलं.
‘येवढं खोडा,’ म्हणाली.

खोडलं.