थेंबांची वही

वहीच्या पुढच्या पानांवर ऐंशी सालचा समुद्र आहे:
भरती कधी, लॉबस्टर किती, डिझेल, दोरखंडाचा भाव.
अर्धी कोरीच राहिली होती.
मागून उघडली की ओडील लागते.
तारीख. थेंब. दुखणं, दहापैकी.
अक्षर माझंच, वाऱ्यात लिहिल्यासारखं.

पहिल्या रात्री दोन थेंब, जिभेखाली.
तिनं तोंड वेडंवाकडं केलं.
"ओल्या गवतावर कुणी रॉकेल सांडलंय," म्हणाली.
मग आम्ही स्वयंपाकघरात बसून राहिलो
पाहुणा यायचाय आणि येत नाहीये, असे.
वहीत लिहिलं: काही झालं नाही.

चौथ्या रात्री चार.
तिला भिंतीवरचं घड्याळ फारच विनोदी वाटलं.
मी घाबरलो.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक कमी करा.
एक कमी केला.

सोळा वर्षं झाली बोटांत संधिवाताला.
गाठी अशा, की लग्नाची अंगठी
साबणानं निघेना, कापावी लागली.
याच बोटांनी ती गोणपाटातून आकड्यानं
लोकर वर ओढायची, गालिचे करायची,
एका गुलाबात अकरा गुलाबी.
आता चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी उचलते.

बाटली टपालानं येते.
डब्यावर सरकारी शिक्का, कर भरल्याची पट्टी.
ओडील दर वेळी त्या पट्टीवरून अंगठा फिरवते.
तिचा धाकटा भाऊ एलफेज
याच झाडापायी नऊ महिने आत होता.
टोमॅटोच्या आडोशाला सहा रोपं, बस्स.
आईनं जेवणाआधीच्या प्रार्थनेतून
त्याचं नाव गाळलं.
सुटून आला, तर होडीवर कुणी घेईना.
मीही घेतलं नाही.

रविवारी माँक्टनहून त्याचा फोन येतो.
"आज किती थेंब?" विचारतो
आणि खोकला लागेपर्यंत हसतो.
मी फोन लगेच तिच्याकडे देतो.

दुखणं गेलं का? छे.
शेजारच्या खोलीत खुर्ची ओढून बसलंय,
मधूनमधून खाकरतं.
पण ती रात्री चार तास सलग झोपते,
आणि परवा तिनं बरणीचं झाकण उघडलं,
मला हाक न मारता.

एक तोटा मात्र झाला.
डोंगरावरून सुएत वारा सुटायचा असला
की आदल्या दिवशी तिची हाडं सांगायची,
आम्ही दारं बांधून घ्यायचो.
काल तो आला, आणि आम्हाला पत्ताच नाही.
दोरीवरच्या दोन उशांच्या खोळी
थेट समुद्रात.
तिला हसू आवरेना. घड्याळाचं नव्हे, खरं हसू.

आज ती झोपल्यावर लिहिलं:
थेंब तीन. दुखणं पाच. वारा आग्नेयेचा.
मग सहज वही उलटी केली.
मे महिना, ऐंशी. पेन्सिल पुसट झालेली.
"माणूस मिळत नाही.
आजही सापळे एकट्यानं ओढले."

उद्या रविवार.