पाय मोकळे करायला

ओंडारोआ. चौथा मजला. खाली आर्तिबाई नदी.
भरतीला समुद्र आत येतो, ओहोटीला बोटी चिखलात टेकतात.
त्या मार्चमध्ये आम्हीही तसेच टेकलो.

कुत्र्यांना परवानगी होती.
बेगोन्याबाईंचा पिंचो दिवसातून पाच वेळा
पाय मोकळे करून यायचा,
शेवटी शेवटी तर जिन्यातच बसकण मारायचा, नको म्हणून.
ओयेर म्हणाला, मला पट्टा बांध, मी भुंकतो.
तेरा वर्षांचा होता. पूर्ण गमतीनं म्हणत नव्हता.

आई मासळी डबाबंद करते. तिचं काम अत्यावश्यक.
पहाटे पाचला निघायची, टेबलावर चिठ्ठी:
मसूर शिजवलेत, दोन वाजता गरम करून घ्या.
दोन वाजले हे कोण सांगणार?
शाळेत घंटा सांगायची, भूकही घंटेलाच लागायची.
आता ती फ्रिजच्या मोटरीसारखी
मध्येच घुरघुरायची, मध्येच गप्प.

घर खायला उठतं म्हणतात,
ते उठलं,
आणि त्याच्यामागे ओयेर उठला
रात्री दोनला, अनवाणी,
चॉकलेटच्या बरणीत चमचा बुडवून
फ्रिजच्या उजेडात उभा.
भूक नव्हती, मला माहीत आहे.
बरणीला तळ होता, एवढंच.
दिवसभरात दुसऱ्या कशालाच तळ नव्हता.
भूमितीच्या तासाला त्याच्या पँटचं बटण तुटून
टेबलाखाली गडगडत गेलं.
कॅमेरा बंद होता म्हणून बरं.

मला क्लबनं वल्हवायचं यंत्र दिलं.
चोमिन सरांनी हातमोजे घालून इमारतीच्या दाराशी ठेवलं
आणि मागे न बघता गेले.
बाल्कनीत, कपड्यांच्या दोरीखाली,
रोज सहा किलोमीटर. मग आठ. मग बारा.
पाणी नाही, पुढं कुणाची पाठ नाही,
नुसता एक आकडा, वाढणारा,
आणि न्हाणीघरातल्या काट्यावर दुसरा, उतरणारा.
त्या दोघांचं जमलं.
मी मसूर सिंकमध्ये ओतायचे,
थोडे थोडे, नळ मोठा सोडून.
पडद्यावर मैत्रिणी म्हणायच्या, मस्त दिसतेस.
त्यांना फक्त गळ्यापासून वर दिसायचं.

ओयेरला पँट होईना, माझ्या अंगावर राहीना.
एकाच भिंतीच्या दोन बाजूंना झोपत होतो आम्ही,
एकमेकांना काही विचारलं नाही.

एप्रिलमधली एक संध्याकाळ. आई आली,
कोपरापर्यंत हात धुतले, तरी मिठाचा वास.
तिच्या बोटांना तीन ग्रॅमचा फरक कळतो,
काट्यावर ठेवायच्या आधीच.
ताट घेताना तिनं माझं मनगट धरलं.
धरूनच ठेवलं.
मग सोडलं, आणि काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता फोन.
मागे यंत्रांचा खडखडाट, ती ओरडून विचारतेय:
वाढलंस का?
तिसऱ्या दिवशी दोन वाजता फोन.
चौथ्या दिवशी ओयेर आधीच दोन वाट्या मांडून बसला होता,
मला न बघता म्हणाला, घंटा होईल आता.

महिना संपता संपता लहान मुलांना तासभर सोडलं.
मोठ्या माणसाबरोबर, किलोमीटरच्या आत.
माझं वय त्यात बसत नव्हतं.
मी वरून पाहिलं:
आई धक्क्यावर थांबली, ओयेर सुटला,
पहिला दिव्याचा खांब, दुसरा,
आणि तिथेच गुडघ्यांवर हात टेकून वाकला.
मुखपट्टी आतबाहेर, आतबाहेर.
पिंचो त्याच्याभोवती एक गिरकी घेऊन पुढं गेला.
ओयेरनं वर बघितलं. मी आहे का ते बघितलं असावं.
हात हलवला नाही.
पुन्हा पळाला. या वेळी हळू.

त्या दिवशी यंत्रावर बसले नाही.
तिथेच उभ्यानं, कढई हातात धरून
गारढोण मसूर खाल्ले, चमच्यानं, सव्वापाच वाजता.
अर्ध्यावर थांबले.
मग उरलेले.
वेळ लागला. अजूनही लागतो.