थेट हुंगू नये

सेतुबालच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर
दर गुरुवारी चार वाजता नोएमिया कुंड्या मांडते.
जूनमध्ये मांजेरिको: बारीक पानांचा,
न छाटताच चेंडूसारखा गोल होणारा सब्जा.
प्रत्येकात कागदाचं एक फूल, काडीला इवली पताका,
पताकेवर चार ओळी. सणाची रीत.

सण खाली आहे. गल्लीत सार्डिन भाजताहेत
आणि मला त्याचा वास येत नाही.
एकतीस वर्षं मी मासळी डब्यांत भरली.
लिंबू, राख, रॉकेल, काय काय चोळलं,
हातांचा वास गेला नाही,
लग्नाच्या रात्रीही नाही.
चौथ्या केमोनंतर गेला, न सांगता,
जाताना बोटांची टोकंही बधिर करून.

आम्ही लहानपणीच शिकतो:
मांजेरिकोला थेट नाक लावू नये, तो कोमेजतो.
पानांवरून तळवा फिरवावा,
मग तळवा हुंगावा.
इथे आणखी एक नियम. मातीत बुरशी असते,
आमच्या पांढऱ्या पेशी कमी, म्हणून हातमोजे.
ग्रासिएत म्हणाली, "म्हणजे आपण रबर हुंगायचं."
आधी कुणी हसलं नाही. मग सगळेच.

कुश्तोदियूनं मात्र मास्क हनुवटीवर ओढला
आणि अख्खं तोंड कुंडीत खुपसलं,
घोडा पाणी पितो तसं.
"बघू या, आधी कोण सुकतं."
नोएमिया ओरडली. पूर्वी जिथे मिशी होती
तिथे त्याला एक पान चिकटलं होतं.

दोन गुरुवार तो आला नाही. तिसऱ्या गुरुवारी
त्याची खुर्ची घडी करून भिंतीशी.
मी विचारलं नाही.
कुंडी हिरवीगार, निर्लज्जासारखी.
तिला पाणी कुणी घालायचं, यावरून भांडण झालं;
मी जिंकले, माझाच आवाज मोठा,
कारखान्यातल्या यंत्रांवर चढवलेला.
पताकेवर चार ओळी लिहा म्हटलं होतं.
त्यानं दोनच लिहिल्या होत्या:
पाणी सकाळी घाला.
दुपारी मुळं भाजतात.

परतीच्या बसमध्ये मी हनुवटी हातावर टेकली.
हातमोजा संपतो आणि बाही सुरू होते
तिथे दोन बोटं रुंद जागा उघडी राहते.
तिथे इस्पितळाचा पट्टा, कापायचा राहिलेला:
माझं नाव, जन्मतारीख,
आणि त्याखाली
मिरी? लवंग? भिजलेली पाटी?
आहे की नाही इतपत.
मी श्वास धरून बसले.

शेजारच्या मुलीनं विचारलं, काही हरवलं का?
मी मनगट तिच्यापुढे केलं.
येतो का गं तुला? खरं सांग.
ती वाकली.
थेट नको, मी म्हटलं, आधी बोट फिरव.

तिचं बोट गार होतं.
तेवढं मला कळलं.